कसोटीचा दगड कोणाच्या हातात? आफ्रिकेची जमीन, युरोपची दप्तरं आणि मधलं प्रशिक्षण

जुलै 2025 मध्ये एक छोटी बातमी येऊन गेली. कोबोल्ड मेटल्स नावाच्या अमेरिकी कंपनीने काँगोच्या (म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) सरकारशी तत्त्वतः करार केला. ही कंपनी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून खनिजं शोधते आणि तिच्यात बिल गेट्स यांच्यासारख्यांचा पैसा आहे. करारात खाणी आणि परवाने होतेच, पण एक विचित्र वाटावं असं कलमही होतं. काँगोच्या जमिनीबद्दलचे जुने कागद स्कॅन करून संगणकावर आणायचे, असं त्यात म्हटलं होतं. हे कागद काँगोत नाहीत. ते बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सजवळच्या टर्फ्युरेन गावातल्या संग्रहालयात आहेत.

अब्जावधी डॉलरच्या तांब्या-कोबाल्टच्या व्यवहारात पिवळ्या पडलेल्या कागदांना एवढी किंमत का? आणि काँगोच्या जमिनीचं दप्तर काँगोबाहेर कसं? हे दोन प्रश्न सुटले, की युरोपीय संघाचा पैसा लागलेला एक कार्यक्रमही समजतो. युरोपातले भूशास्त्रज्ञ आणि आफ्रिकेतले भूशास्त्रज्ञ गेली काही वर्षं एकत्र बसून नेमकं काय करत आहेत, हेही कळतं.

आधी सराफाच्या दुकानात जाऊ. घरातल्या जुन्या पाटल्या मोडायला आपण जातो, तेव्हा सोनं आपलं असतं. कसोटीचा दगड मात्र सराफाचा, काटाही सराफाचा आणि घेणाराही सराफच. तो भला माणूस असेल, तरी आपण आधी दुसरीकडे कस लावून घेतो. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांची अडचण अशी, की सोनं त्यांचं आणि कसोटीचा दगड शंभरेक वर्षं दुसऱ्याच्या दुकानात.

## भूशास्त्रीय नकाशा म्हणजे काय?

आपल्याकडे बोअर मारणाऱ्याला हे न शिकवता कळतं. वर माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच गेरूसारखा लाल पट्टा आणि पुन्हा पाषाण. शेजाऱ्याला दीडशे फुटांवर पाणी लागतं आणि आपली बोअर तीनशे फूट कोरडी जाते. कारण पाणी, खनिज, पोकळी, भेग या गोष्टी जमिनीखाली सारख्या पसरलेल्या नसतात. त्यांची मांडणी लाखो-करोडो वर्षांत झालेली असते आणि त्या मांडणीला काही एक व्याकरण असतं.

भूशास्त्रीय नकाशा म्हणजे त्या व्याकरणाची नोंद. कुठल्या गावाखाली कुठला खडक, तो किती जुना, थर कुठल्या दिशेला किती कललेला, भेग कुठून कुठे जाते, हे रंगांत आणि रेषांत दाखवलेलं असतं. हा नकाशा पायांनी बनतो. नाल्यात, घाटाच्या कापात, विहिरीच्या खणात जिथे खडक उघडा पडलेला असेल तिथे जायचं, हातोडीने तुकडा काढायचा, होकायंत्राने कल मोजायचा आणि वहीत लिहायचं. मग दोन उघड्या जागांच्या मधे मातीखाली काय असेल, याचा तर्क करायचा. हा तर्कच खरं कौशल्य.

मोजपट्टीवरही बरंच अवलंबून असतं. पन्नास हजारास एक या प्रमाणात काढलेल्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर. दहा लाखास एक म्हटलं, तर एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. दुसरा नकाशा भिंतीवर छान दिसतो, पण त्याच्या भरवशावर विहीरही खणता येणार नाही. सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटर पसरलेल्या आफ्रिकेत मोठ्या भागांसाठी हे भिंतीवरच्या प्रकारचेच नकाशे आहेत, आणि त्यातलेही बरेच स्वातंत्र्याच्या आधी काढलेले.

हे काम करणारं सरकारी खातं म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षण. यापुढे नुसतं 'सर्वेक्षण' म्हणतो. ब्रिटनचं 1835 सालचं. भारताचं 1851 सालचं, मुख्यालय कोलकात्यात. ईस्ट इंडिया कंपनीला ते हवं होतं मुख्यतः कोळशासाठी, हे लक्षात ठेवायला हवं. सर्वेक्षण जन्माला येतं ते सहसा कोणाच्या तरी गरजेपोटी, आणि ती गरज त्या जमिनीवर राहणाऱ्यांचीच असते असं नाही.

## कागद बेल्जियममध्ये, खाण काँगोत

1892 मध्ये ज्यूल कॉर्ने हा बेल्जियन भूशास्त्रज्ञ आजच्या काँगोच्या आग्नेयेला, कटांगा प्रांतात पोचला. तिथली खनिजसंपत्ती पाहून 'भूशास्त्रीय चमत्कार' अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात. 1906 मध्ये तिथे युनियन मिनिएर ही खाणकंपनी उभी राहिली. तांबं निघालं, पुढे कोबाल्ट निघाला. शिंकोलोब्वेच्या खाणीतलं युरेनियम अमेरिकेच्या पहिल्या अणुबाँबच्या कार्यक्रमात गेलं.

या सगळ्या काळात शेकडो माणसांनी काँगो पायाखाली घातला. वह्या भरल्या, नमुने पेटाऱ्यात घातले, नकाशे काढले. ते बोटीने बेल्जियमला गेले, कारण काँगो बेल्जियमची वसाहत होती आणि तिचं डोकं तिथे होतं. 1960 मध्ये काँगो स्वतंत्र झाला. झेंडा बदलला, पण दप्तर जिथे होतं तिथेच राहिलं. टर्फ्युरेनचं संग्रहालय मुळात बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या काळातलं. आज तिथे संशोधनही चालतं आणि काँगोसह मध्य आफ्रिकेतले विद्यार्थीही येतात.

एकट्या बेल्जियमची ही गोष्ट नाही. ब्रिटिश वसाहतींच्या भूशास्त्रीय कामाचा मोठा साठा ब्रिटिश सर्वेक्षणाकडे, नॉटिंगहॅमजवळच्या कीवर्थमध्ये आहे. फ्रान्सचं सर्वेक्षण, म्हणजे ऑर्लेआं शहरातली 'बीआरजीएम' ही संस्था, 1959 मध्ये अनेक खाती एकत्र करून बनली. त्यांतलं एक खातं समुद्रापारच्या वसाहतींमधल्या खनिजांसाठीच होतं.

जुन्या कागदांना भाव येण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. एक खोल छिद्र पाडायला प्रचंड खर्च येतो. 1950 साली कुणी ते पाडून ठेवलं असेल आणि वहीत 'तीनशे मीटरवर हिरवट खडक, तांब्याचे कण' असं लिहिलं असेल, तर आजच्या कंपनीचं तेवढं छिद्र वाचलं. त्या काळी एवढं थोडं तांबं काढणं परवडणारं नव्हतं म्हणून सोडून दिलं असेल, आज तेच परवडतं. शिवाय संगणकाला शिकवायला आकडे लागतात. अशा आकड्यांची खाण म्हणजे ही दप्तरं.

## मग युरोप-आफ्रिका सहकार्य काय करतं?

2016 मध्ये 'पॅनआफजिओ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. एका बाजूला आफ्रिकी सर्वेक्षणांची संघटना, दुसऱ्या बाजूला युरोपीय सर्वेक्षणांचा संघ 'युरोजिओसर्व्हेज'. पहिल्या टप्प्यात युरोपातली डझनभर सर्वेक्षणं होती आणि सूत्रं बीआरजीएमकडे. पैसा मुख्यतः युरोपीय आयोगाचा, सुमारे 1 कोटी युरोच्या घरात. मोठ्या खाणकंपनीच्या शोधमोहिमेत एवढी रक्कम सहज खर्ची पडते. 2019 पर्यंत या पहिल्या टप्प्यात आफ्रिकेतल्या जवळपास सगळ्याच देशांतल्या मिळून हजाराहून जास्त भूशास्त्रज्ञांनी प्रशिक्षण घेतलं. पुढे दुसरा टप्पाही झाला.

विषय बरेच होते. प्रत्यक्ष जमिनीवर फिरून नकाशा काढणं, खनिजांचा साठा अंदाजणं, हातखाणी (यंत्रांविना हाताने खणलेल्या खाणी), खाणीनंतरचं प्रदूषण, भूकंप-ज्वालामुखी-दरडींचे धोके, भूवारसा आणि माहितीचं व्यवस्थापन. शिकवणी इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत. तिन्ही वसाहतीच्याच भाषा, यातली गंमत कुणाच्या नजरेतून सुटत नाही. पण मोझांबिकच्या आणि अंगोलाच्या माणसाला एका तंबूत बसवायचं, तर पोर्तुगीजला पर्याय नाही.

नकाशाचं शिक्षण वर्गात होत नाही, हे इथे महत्त्वाचं. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकाच डोंगरावर चढतात, एकाच खडकापुढे उभी राहतात आणि भांडतात. खडकाला देशाची सीमा कळत नाही. झांबियाचा तांब्याचा पट्टा आणि काँगोचा तांब्याचा पट्टा हा एकच पट्टा आहे. सीमेवर दोन देशांच्या नकाशांतले रंग मात्र जुळत नाहीत, कारण एका बाजूचा नकाशा इंग्रजांनी काढला आणि दुसऱ्या बाजूचा बेल्जियनांनी, आणि प्रत्येकाने थरांना आपापली नावं दिली. ही नावं जुळवणं हे कंटाळवाणं, बिनचमकदार काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत उपयोगाचं.

भूवारसा, म्हणजे जपून ठेवण्याजोगे खडक आणि डोंगर, हा शब्द थोडा पाहुण्यासारखा वाटेल. लोणार पाहिलेल्याला तो समजावायला नको. मोरोक्कोतलं म्गून हे 2014 मध्ये आफ्रिकेतलं पहिलं युनेस्को जागतिक भूउद्यान झालं. 2018 मध्ये टांझानियातल्या न्गोरोन्गोरो-लेंगाईला तो मान मिळाला. दगड बघायला येणारे लोक हॉटेलात राहतात, गाईड घेतात, चहा पितात. खनिज एकदा काढलं की संपतं. डोंगर पाहायला पुढच्या वर्षीही लोक येतात.

## "उपग्रह आहेत की! माणसं कशाला हिंडवायची?"

उपग्रह जमिनीची फक्त वरची साल बघतो. आफ्रिकेच्या मोठ्या भागावर जंगल आहे, वाळू आहे किंवा उन-पावसाने कुजून मऊ झालेल्या खडकाचा जाड थर आहे. त्याखालचं उपग्रहाला फारसं दिसत नाही.

मधला मार्ग म्हणजे विमान. खास उपकरणं लावलेलं छोटं विमान जमिनीपासून अगदी कमी उंचीवर, शेतात औत धरल्यासारखं सरळ रेषांत जातं-येतं. खडकांमधल्या लोहयुक्त खनिजांमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात सूक्ष्म फरक पडतो, तो मोजला जातो. जमिनीतून नैसर्गिकरीत्या येणारे किरणही मोजले जातात. बाजारात कलिंगड न कापता आपण ठोकून बघतो, तसंच. आवाजावरून आत काय असावं याचा अंदाज येतो. पण कलिंगड शेवटी कापावंच लागतं, आणि कुठलं कापायचं हे ठरवायला कान तयार असावा लागतो.

युगांडाचं उदाहरण घ्या. या शतकाच्या पहिल्या दशकात जागतिक बँक आणि इतरांच्या मदतीने युगांडाच्या सुमारे 80 टक्के भूभागावरून अशी विमानं उडाली. त्या आकड्यांवर आणि जमिनीवरच्या कामावर फिनलंडच्या सर्वेक्षणाच्या नेतृत्वाखालच्या गटाने स्थानिक भूशास्त्रज्ञांबरोबर देशाचे नवे नकाशे काढले. माहिती एन्टेबीच्या सरकारी कार्यालयात आली. परवाना मागायला येणाऱ्यापुढे आता सरकारकडे स्वतःचं काहीतरी होतं.

उरलेले 20 टक्के म्हणजे ईशान्येचा करामोजा. गुरं पळवण्यावरून होणाऱ्या बंदुकीच्या चकमकींमुळे तिथे कमी उंचीवरून विमान उडवणं धोक्याचं होतं. तिथलं सर्वेक्षण दहा वर्षांहून जास्त रखडलं. नकाशावरचा कोरा भाग हा बहुतेक वेळा खडकामुळे कोरा नसतो. तिथे राज्य पोचलेलं नसतं.

## "कंपन्या शोधतीलच. गरीब सरकारने पैसे का घालायचे?"

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. ज्या देशात दवाखान्यात औषधं नाहीत, तिथे खडकांचे नकाशे ही चैन वाटू शकते. पण बोट्स्वानाचा हिशेब बघा.

बोट्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अत्यंत गरीब देशांत मोजला जाई. पुढच्याच वर्षी डी बिअर्स कंपनीच्या भूशास्त्रज्ञांना ओरापाला हिरे सापडले. म्हणजे शोध कंपनीनेच लावला, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचं. पण पुढे? 1969 मध्ये खाणकंपनीत सरकारचा वाटा 15 टक्के होता. 1975 मध्ये वाटाघाटी पुन्हा झाल्या आणि तो 50 टक्के झाला. सरकारने वाटाघाटीच्या टेबलावर आपली जाणकार माणसं बसवली होती. हिऱ्यांची प्रतवारी करून विकण्याचं काम मात्र लंडनमध्येच होत राहिलं, म्हणजे कसोटीचा दगड अजून दूरच. ते काम लंडनहून बोट्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनीला यायला 2013 साल उजाडलं. स्वातंत्र्यापासून सत्तेचाळीस वर्षं.

कंपनी शोधते ते स्वतःला हवं ते. तांबं शोधणारी कंपनी वाटेत लागलेल्या पाण्याच्या थराची नोंद सरकारला देईलच असं नाही. दरड कुठे कोसळेल, शाळेखालची जमीन खचेल का, विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड का, हे प्रश्न कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात बसत नाहीत. 2012 मध्ये ब्रिटिश सर्वेक्षण आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी आफ्रिकेच्या भूजलाचा पहिला संख्यात्मक नकाशा प्रसिद्ध केला. त्यांचा अंदाज होता, की खंडाखाली सुमारे साडेसहा लाख घन किलोमीटर पाणी आहे. त्यातलं बरंचसं उत्तरेच्या वाळवंटाखाली, जिथे माणसं कमी. लोकवस्तीच्या मोठ्या भागात खडक असा, की हातपंपापुरतं पाणी मिळेल, मोठ्या सिंचनापुरतं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अशा नकाशासाठी जुन्या-नव्या असंख्य बोअरच्या नोंदी लागतात, आणि त्या कुणीतरी सरकारी कपाटात जपून ठेवलेल्या असाव्या लागतात.

## "युरोप फुकटात का शिकवेल?"

फुकटात शिकवत नाही. विजेच्या गाड्या, पवनचक्क्या, बॅटऱ्या या सगळ्यांना कोबाल्ट, लिथियम, तांबं, मँगनीज आणि दुर्मिळ मृदा धातू लागतात. जगातला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो आणि तिथल्या बऱ्याच मोठ्या खाणी आज चिनी कंपन्यांकडे आहेत. टेन्के फुंगुरुमेची प्रचंड खाण अमेरिकी कंपनीने 2016 मध्ये चीनच्या सीएमओसीला विकली, तेव्हा पाश्चात्त्य देशांत फारशी खळबळही झाली नव्हती. ती नंतर झाली.

मे 2024 मध्ये युरोपीय संघाचा महत्त्वाच्या कच्च्या मालाबद्दलचा कायदा लागू झाला. 2030 पर्यंत कुठल्याही धोरणात्मक खनिजासाठी बाहेरच्या एकाच देशावर 65 टक्क्यांहून जास्त अवलंबून राहायचं नाही, असं त्यात उद्दिष्ट आहे. त्याच्या आगेमागे नामिबिया, काँगो, झांबिया आणि रवांडा यांच्याशी भागीदाऱ्या झाल्या. रवांडाच्या भागीदारीवर खूप टीका झाली, कारण पूर्व काँगोतल्या संघर्षातून खनिजं रवांडामार्गे बाहेर जातात, असा आरोप आहे.

म्हणजे शिकवणाऱ्याचा स्वार्थ उघड आहे. पण स्वार्थ आहे म्हणून शिकवणी वाया जाते असं नाही. कस लावायला शिकलेला माणूस फक्त शिकवणाऱ्याच्याच सोन्याचा कस लावत नाही. तो उद्या चिनी, अमेरिकी आणि युरोपीय प्रस्ताव एकाच दगडावर घासून बघू शकतो. मला विचाराल, तर तपासायला हवा तो माहितीचा प्रवास. नमुने कुठे राहिले? प्रयोगशाळा कुठे आहे? आकड्यांची प्रत कोणाकडे? प्रशिक्षण संपल्यावर शिकलेला माणूस त्याच खात्यात आहे का?

## शिकला, पण टिकला का?

शेवटच्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

काँगोतलं गोमा शहर न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. 2002 मध्ये लाव्हा शहराच्या मधून वाहत गेला होता. तिथे ज्वालामुखीवर नजर ठेवणारी वेधशाळा आहे, आणि युरोपातल्या संस्थांनी वर्षानुवर्षं तिच्याबरोबर काम करून यंत्रं बसवली, माणसं घडवली. मग 2020 मध्ये जागतिक बँकेच्या प्रकल्पाचा पैसा संपला. काही महिने वेधशाळेकडे इंटरनेटलाही पैसे नव्हते, दूरवरच्या यंत्रांची माहिती येत नव्हती, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. 22 मे 2021 च्या संध्याकाळी न्यिरागोंगो फुटला. आधी इशारा निघाला नाही. तीसहून जास्त माणसं गेली, हजारो घरं जळाली आणि पुढच्या दिवसांत लाखो लोकांना शहर सोडावं लागलं. सगळी यंत्रणा चालू असती तरी इशारा देता आला असता का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, कारण तो स्फोट फारशी चाहूल न देता झाला. पण बिल न भरल्यामुळे यंत्रं मुकी असणं, हे कुठल्याही ज्वालामुखीशास्त्रात बसत नाही.

दुसरं उत्तर केनियाचं, आणि ते मला जास्त आवडतं. केनियातून जाणाऱ्या मोठ्या खचदरीत जमिनीखाली खूप उष्णता आहे. त्या वाफेवर वीज करता येते. आइसलंड हा छोटासा देश त्यात मुरलेला. 1979 पासून आइसलंडने सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम चालवला. दरवर्षी विकसनशील देशांतली थोडी माणसं यायची आणि खडक, विहीर, वाफ, जनित्र यांतलं एकेक अंग खोलात शिकून परत जायची. सर्वाधिक माणसं केनियाची होती. 1981 मध्ये केनियातल्या ओल्कारियाला पहिलं जनित्र सुरू झालं, अवघं 15 मेगावॉटचं. आज केनियाची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज जमिनीच्या उष्णतेतून येते.

इथे आइसलंडने खनिज नेलं नाही, खाण मागितली नाही. पण माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचं म्हणजे, परत गेलेल्या माणसांना जायला जागा होती. केनियात वीजनिर्मिती करणारी सरकारी कंपनी होती, तिच्याकडे छिद्रयंत्रं होती, पगार होता, आणि रोजचं काम होतं. शिकलेलं विसरायला वेळच मिळाला नाही. पुढे याच कंपनीने इथिओपियात आणि जिबूतीत छिद्रं पाडायची कंत्राटं घेतली. आज आफ्रिकी देशांतले तरुण वाफेचं शास्त्र शिकायला केनियालाही जातात.

गोमात आणि केनियात शिकवणारे वाईट-चांगले असा फरक नव्हता. केनियात शिकलेल्या माणसामागे संस्था उभी होती, गोमात प्रकल्प उभा होता. प्रकल्पाला शेवटची तारीख असते.

## आणि फावड्याने खणणारे?

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जगात साडेचार कोटींच्या आसपास माणसं हातखाणीत राबतात. यंत्रं नाहीत, बहुतेकांकडे परवाना नाही, फावडं, टोपली आणि दोर. आफ्रिकेत सोनं, कोल्टन (टँटलम धातूचं खनिज), कोबाल्ट यांचा बराच भाग असाच निघतो.

2010 मध्ये नायजेरियाच्या झांफारा राज्यात गावोगावची लहान मुलं अचानक दगावू लागली. आधी मलेरिया वाटला. मग कळलं, की गावकरी सोन्याचा दगड घराच्या अंगणात दळत होते आणि त्या दगडात सोन्याबरोबर शिसंही भरपूर होतं. पिठाच्या चक्क्यांवर दळलेली ती धूळ घरभर, अंथरुणावर, अन्नावर बसली. चारशेहून जास्त मुलं गेली. सोनं कुठल्या खडकात आहे हे गावकऱ्यांना कळलं होतं. त्याच खडकात आणखी काय आहे, हे सांगायला त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

म्हणून या सहकार्यात हातखाणींचा विषय केवळ तोंडी लावायला नाही. झेक सर्वेक्षणाने झांबियाच्या तांबेपट्ट्यात माती आणि पिकांतलं धातूंचं प्रदूषण वर्षानुवर्षं मोजलं. जर्मन सर्वेक्षणाने कोल्टनच्या नमुन्यांचा 'ठसा' ओळखण्याची पद्धत बसवली, म्हणजे पोत्यातला माल ज्या खाणीचा म्हणून सांगितला जातो तिचाच आहे का, हे प्रयोगशाळेत पडताळता येतं. सराफाच्या भाषेत सांगायचं, तर ही नुसती कसाची तपासणी नाही, चोरीचा माल ओळखायची सोय आहे.

## आपला यात काय संबंध?

2025 मध्ये झांबियाने सुमारे 9,000 चौरस किलोमीटरचा भाग तांबं आणि कोबाल्ट शोधण्यासाठी भारताला दिला. शोध घेणार आहेत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं. म्हणजे 1851 मध्ये दुसऱ्याच्या कोळशासाठी जन्मलेलं आपलं सर्वेक्षण आता परदेशी मुलखात पाहुणं म्हणून हातोडी घेऊन उतरतं आहे. हैदराबादला या संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि भारत सरकारच्या खर्चाने परदेशी भूशास्त्रज्ञही तिथे शिकून गेले आहेत.

त्या 9,000 चौरस किलोमीटरमध्ये भारतीय भूशास्त्रज्ञाबरोबर झांबियाच्या राजधानीतल्या, लुसाकाच्या खात्यातली एखादी तरुण मुलगी उन्हात चालत असेल का? तिच्या वहीत तीच मोजमापं असतील का, जी आपल्या माणसाच्या वहीत आहेत? आणि काम संपल्यावर छिद्रांतून काढलेल्या खडकाच्या गाभ्यांच्या पेट्या कुठल्या गोदामात रचल्या जातील, तिच्या की आपल्या?